आईचं पोट वाढलं ते वर्ष

पनवेलला आम्ही दोघीच राहायचो, मी आणि आई. दोन खोल्या, पुढे अरुंद ओटी, मागे बैलगाड्यांची चाकं करणाऱ्यांचा कारखाना. वडील त्याच कारखान्यात सुतार होते. मी पाच वर्षांची असताना ते विषमज्वराने गेले, आणि त्यांच्याबद्दल मला आठवतं ते एवढंच, की त्यांच्या सदऱ्याला लाकडाच्या भुशाचा वास यायचा. ते गेल्यावरही आम्ही तिथेच राहिलो. सकाळी मागे शेण्यांचा जाळ करून लोखंडी धाव तापवत, लालबुंद झाली की चार माणसं चिमट्यांनी उचलून चाकावर बसवत आणि वर घमेल्यांनी पाणी ओतत. त्या वेळी असा काही चर्र आवाज उठायचा, की नव्या माणसाच्या हातातला पेला पडावा. मला मात्र त्या आवाजाची सोबत वाटायची. कारखाना बंद असला की घर फार मोठं वाटे.

आई नर्स होती. लग्नाआधी मुंबईत शिकली होती आणि पनवेलला एका डॉक्टरांच्या प्रसूतिगृहात काम करत होती. शिवाय आजूबाजूच्या गावांतून गाडी घेऊन लोक तिला बोलवायला येत. पांढरी सुती साडी, उकळलेल्या कात्र्यांची पिशवी आणि खोबरेल लावून चापून बसवलेला अंबाडा. ती बाईच्या पोटावर हात ठेवायची, क्षणभर डोळे मिटायची आणि महिना सांगायची. बहुधा तो चुकत नसे. तिला केव्हा बोलावणं येईल याचा नेम नसायचा. मी शाळेतून आले की चुलीशेजारी ताट झाकलेलं असे: तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, कधी नारळाच्या दुधातलं बोय माशाचं कालवण. मी एकटी जेवायचे, ताट घासायचे आणि अभ्यासाची पुस्तकं मोठ्याने वाचत बसायचे, घरात कुणाचा तरी आवाज असावा म्हणून.

आम्ही बेने इस्रायल, कोकणातले मराठी ज्यू. आजूबाजूचे लोक आम्हाला शनवार तेली म्हणत, पण आमच्या घरात तेल गाळलेलं मी कधी पाहिलं नाही. शनिवार मात्र आम्ही पाळायचो. तो एकच दिवस आई माझी असायची. शुक्रवारी संध्याकाळी ती तेलाचा दिवा लावी, डोक्यावर पदर घेऊन डोळ्यांवर हात धरी आणि शनिवारी कुणी अडलेली बाई नसली तर दिवसभर माझ्याशेजारी पडून राही. आमच्या चार-पाच घरांपैकी सर्वांत जवळचं घर मामाचं होतं. त्याची मुलगी अबिगाईल, अबी, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. तिला कडेवर घेऊन मी गल्लीभर फिरायचे. मग इस्रायलला जाण्याचे वारे आले आणि मामानेही जायचं ठरवलं. निघण्याच्या आधी त्याच्या घरी मलिदा झाला. परातीत भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वेलची, आणि भोवती मांडलेली फळं. सगळे प्रार्थना म्हणत होते आणि अबी माझ्या मांडीवर बसून पोह्यांतले खोबऱ्याचे तुकडे वेचून खात होती. बोट सुटली त्या दिवशी आई कामावर होती, मी शाळेत. निरोप असा झालाच नाही. त्यानंतर शुक्रवारच्या दिव्यासमोर आम्ही दोघीच असायचो.

मी आठवीत गेले त्या वर्षी आईचं जेवण कमी झालं. दोन घास खाऊन ती ताट सारायची. “पोट भरलं गं,” म्हणायची. मला खरंच वाटायचं, कुणीतरी बाळंतिणीच्या घरी खाऊ घातलं असेल. मग ती सारखी मागच्या मोरीत जाऊ लागली, कंबर दुखते म्हणून जमिनीवर झोपू लागली. गॅस झालाय म्हणून ओवा चावायची, गरम पाण्यात हिंग घालून प्यायची. आज या वयात मला ठाऊक आहे, की ही अगदी साधी वाटणारी लक्षणंच त्या आजाराची पहिली पावलं असू शकतात, आणि ती इतकी साधी असल्यामुळेच बायका महिनोन् महिने ओवा चावत बसतात. प्रत्येक फुगलेलं पोट म्हणजे तोच आजार, असं मुळीच नाही. पण आठवडे गेले तरी जे थांबत नाही, ते दाखवून घ्यावं, एवढं मी आता माझ्या सुनांना आणि शेजारणींना कंटाळा येईस्तोवर सांगते. तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं. आणि जिला कळत होतं, ती बोलत नव्हती.

पावसाळा संपेपर्यंत आईचं पोट दिसू लागलं. हात बारीक झाले, गळ्याची हाडं वर आली, आणि पोट मात्र साडीच्या निऱ्यांखालून पुढे येत राहिलं. परकराची नाडी ती पोटाच्या वर बांधू लागली, पदर सैल सोडू लागली. आमच्या घरमालकीण गोदूकाकू विहिरीवर आईकडे पाहत आणि मग माझ्याकडे पाहत. एके दिवशी त्यांनी मला हळूच विचारलं, “आई उलट्याबिलट्या करते का गं?” मी भाबडेपणाने सांगितलं, “सकाळी करते कधी कधी.” त्या दिवसापासून काकूंनी आमच्याकडे ताक पाठवणं बंद केलं.

मला कळलं ते शाळेत. मधल्या सुट्टीत कुंदा नावाची माझ्या वर्गातली मुलगी चार जणींसमोर म्हणाली, “काय गं मिल्का, तुझ्या आईला कितवा लागला?” बाकीच्या हसल्या. मला आधी प्रश्नच समजला नाही. समजला तेव्हा कानांतून जाळ निघाल्यासारखं झालं. नर्सची मुलगी मी. महिने मोजायला मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आठ वर्षांपूर्वी वडील गेलेले, आणि आईचं पोट सहाव्या महिन्याचं. गावाने नावही शोधून ठेवलं होतं. प्रसूतिगृहातले कंपाउंडर कधी कधी कापसाचा गठ्ठा आणि औषधं घरी आणून देत. पन्नाशीचे, दम्याने बेजार, दारातूनच परत फिरणारे गृहस्थ. त्यांचं नाव आईशी जोडलं गेलं, आणि त्यांनी येणं थांबवलं. मग डॉक्टरांच्या पत्नीने आईला निरोप पाठवला, “काही दिवस येऊ नका. पेशंटच्या घरचे लोक बोलतात.” डॉक्टरांनी तिला तपासलंसुद्धा नाही. आई पिशवी घेऊन परत आली, कात्र्या पुसून फडक्यात बांधल्या आणि फळीवर ठेवल्या. आता ती दिवसभर घरी असायची. लहानपणापासून जे मी मागत होते ते मला मिळालं होतं, आणि मी शाळा सुटल्यावर मुद्दाम लांबून, तळ्याला वळसा घालून घरी येऊ लागले.

मी तिच्याशी बोलणं सोडलं. तिने वाढलेलं खायचे, पण तिच्या समोर नाही, दाराकडे तोंड करून. ती काही विचारत नसे. एका शनिवारी दुपारी कारखाना बंद होता, बाहेर चिटपाखरू नव्हतं. तिने हाक मारली, “मिल्का, जरा पाठ चोळतेस का?” मी जागची हलले नाही. उभ्यानेच म्हणाले, “कोणाचं आहे ते?”

आईने मला मारलं नाही. कधी कधी वाटतं, मारलं असतं तर बरं झालं असतं. ती उठली, दाराला कडी घातली, खाटेवर उताणी झाली आणि पोटावरचा पदर बाजूला केला. ताणलेली चकचकीत कातडी आणि तिच्यावरच्या निळ्या शिरा. “इकडे ये,” ती म्हणाली. आवाज शिकाऊ नर्सला बोलवावं तसा होता. “हात दे. बाळ असलं तर इथे डोकं लागतं, नारळासारखं. लागतंय?”

“नाही.”

“इथे पाठ लागते. लागतेय?”

“नाही.”

“आता या बाजूला तळवा ठेव. मी इकडून टिचकी मारते.” तिने टिचकी मारली आणि माझ्या तळव्याखाली लाट आली. “हे पाणी आहे. आणि खाली, ओटीपोटात, दाब. हळू दाब. काय लागतं?”

दगडासारखं, वेडंवाकडं काहीतरी लागत होतं. मी हात ओढून घेतला.

“माझ्या आईला हेच झालं होतं,” ती म्हणाली. “मी तुझ्याहून लहान होते. मग तुझ्या राहेलमावशीला, माझ्या बहिणीला, छातीत गाठ आली. सगळे म्हणाले, आईचं वेगळं, राहेलचं वेगळं. मी इतक्या बायकांच्या पोटांवर हात ठेवला आहे, मला काही ते वेगळं वाटत नाही. एकाच घरातलं आहे ते.”

“मग लोकांना सांगितलं का नाहीस?” मी रडत होते. “लोक काय काय बोलतात तुला माहीत आहे?”

“माहीत आहे. अगं, दिवस गेलेत म्हणतात, म्हणू दे. नऊ महिने झाले की ते आपोआप खोटं ठरेल. पण कॅन्सर म्हटलं की लोक घरचं पाणी पीत नाहीत. ते नाव घराला चिकटतं, ते तुला चिकटेल.” मग छताकडे बघत ती म्हणाली, “आणि सांगायचं तरी कुणाला होतं? भाऊ तिकडे इस्रायलला गेला. बहीण वारली. तुला सांगायचं होतं, पण तू बोलत नव्हतीस.”

मी तिच्या पायांशी बसून राहिले. माफी मागितली नाही. कशी मागतात तेच मला येत नव्हतं.

त्यानंतर काही दिवसांनी ओवे गावातली बायजाबाय दारात उभी राहिली. ती मिठागरावर काम करणारी आगरी बाई, उंच, काळीसावळी, आवाज सगळ्या गल्लीला ऐकू जाणारा. तिची धाकटी तिन्ही पोरं आईच्या हातची. दर वर्षी ती आठवणीने टोपलीभर चिंबोऱ्या, खाडीतले खेकडे, आणायची, आणि चिंबोऱ्या आमच्या धर्मात चालत नाहीत हे तिला सांगायचा आईला दर वर्षी संकोच व्हायचा. टोपली कारखान्यातल्या लोकांकडे जायची. त्या दिवशी तिच्या हातात टोपली नव्हती.

“नर्सबाय, चला. सून अडली हाय सकालपासून.”

“बायजा, मी आता जात नाही कुठे,” आई म्हणाली. “लोक काय बोलतात ऐकलं नाहीस?”

“ऐकलाय. आमाला काय त्याचा? लोकांना कुटं पोरं काडता येतान? गाडी भायेर उबी हाय.”

आईने माझ्याकडे पाहिलं. मी फळीवरची पिशवी काढली. गाडीत गवत पसरलं होतं, त्यावर आई रेलून बसली, मी तिच्या पाठीला उशीसारखी टेकले. ओव्याला पोचेपर्यंत खड्डा आला की ती माझं मनगट आवळायची. पण त्या झोपडीत शिरल्यावर ती पुन्हा पूर्वीची झाली. “पाणी उकळा. बायका दोनच राहा आत. मिल्का, दिवा धर इकडे.” दुपार टळायच्या आत मुलगी झाली, पायाळू, रडकी. आईने तिला उलटं धरून पाठीवर चापट मारली आणि हसली. तिचं हसणं मी कितीतरी दिवसांनी पाहिलं. ती मुलगी आईच्या हातची शेवटची.

हात धुताना आईचा तोल गेला. बायजाबायने तिला दोन्ही हातांनी सावरलं, आणि तिचा हात पोटावर आला तो तिथेच थांबला. पाच बाळंतपणं झालेली बाई ती. “नर्सबाय,” ती हळू म्हणाली, तिला हळू बोलता येतं हे मला तेव्हा कळलं, “ह्ये पोर नाय.”

“नाही,” आई म्हणाली.

“डागतरला दावला?”

“दाखवून काय होणार आहे, मला माहीत आहे.”

“तुमाला म्हायीत हाय, पन या पोरीला म्हायीत नाय ना. ती जनमभर बोलंल, आईला मी नेली नाय.”

दोन दिवसांनी आई मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात जायला तयार झाली. बायजाबाय पहाटेच ओव्याहून निघून आमच्याकडे आली होती. सकाळची बाजाराची वेळ, आणि एसटी स्टँडला जायची वाट बाजारातूनच. मी टांगा आणते म्हणाले, तर आई म्हणाली, “नको, धक्के सोसत नाहीत. चालूया.” एका बाजूने बायजाबाय, एका बाजूने मी. भाजीवाल्या थांबल्या. कापडाच्या दुकानातली माणसं गादीवरून वाकून बघू लागली. गोदूकाकू नारळ घेत होत्या, त्यांनी मान वळवली. आयुष्यात मला इतकं उघडं कधी वाटलं नव्हतं. मी आईचा हात सोडला नाही, एवढंच मी त्या दिवशी केलं. बायजाबाय मात्र मध्येच थांबली आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडली, “काय बगता रं? बाय आजारी हाय! तुमची पोरां काडली ना तिनंच? मंग वाट सोडा!” वाट सुटली. आई पुटपुटली, “बायजा, गप्प गं,” पण तिची मान सरळ होती.

मुंबईत ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पोट उघडलं, पाणी काढलं, आत सगळीकडे पसरलेलं बघितलं आणि पुन्हा शिवलं. दोन्ही अंडाशयांतून निघालेला कॅन्सर, असं त्यांनी सांगितलं. ज्यातून माणूस जन्माला येतो तिथूनच हे यावं, याचं मला तेव्हा नवल वाटलं. आज त्याबद्दल पुष्कळ कळतं. जिला मूल झालं नाही किंवा एखादंच झालं तिला धोका थोडा जास्त, वय वाढेल तसा तो वाढतो. आणि सर्वांत मोठी गोष्ट रक्ताची: आई, बहीण, मावशी, आत्या यांच्यापैकी कुणाला अंडाशयाचा किंवा स्तनाचा झाला असेल तर घरातल्या बाकीच्या बायकांनी सावध राहावं. तो दोष बापाकडूनही मुलीत येतो. हे सगळं आता तपासता येतं. आईकडे यातलं काही नव्हतं, तिच्याकडे फक्त तिचे हात होते.

घरी आणल्यावर ती तीन महिने जगली. गोदूकाकू शिरा घेऊन आल्या, आईच्या उशाशी बसून रडल्या. झालेल्या गोष्टीबद्दल त्या बोलल्या नाहीत, आम्हीही नाही. एका दुपारी आईने मला मामाला पत्र लिहायला बसवलं. निळं हवाई पत्र, मांडीवर पाटी, आणि ती एकेक वाक्य श्वास घेत सांगत होती. “लिही, मला आईचा आजार झाला आहे. आई, राहेल आणि मी, तिघी एकाच वाटेने गेलो. तुझी अबी मोठी झाली की मोठ्या डॉक्टरला ही तीन नावं सांग. लाजू नकोस.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “तूही सांग. मुलंबाळं झाली की सांग. विसरू नकोस.”

मी मान हलवली आणि लिहिलं, आईला पोटाचा विकार आहे, काळजी करू नये. त्या आजाराचं नाव माझ्या अक्षरात उमटावं, समुद्रापलीकडच्या माणसांनी ते वाचावं आणि आमच्याकडे गावाने पाहिलं तसं पाहावं, हे मला सहन होईना. आईने पत्र वाचायला मागितलं नाही. तिचा माझ्यावर विश्वास होता. मी ते डिंकाने बंद केलं आणि पेटीत टाकलं.

ती गेल्यावर मी मुंबईला मुलींच्या वसतिगृहात राहिले, शिकले, लग्न केलं, दोन मुलगे झाले. चाळिशीत गर्भाशयातल्या साध्या गाठींचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना तिघींची नावं सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं, दोनदा विचारून खात्री केली आणि अंडाशयंही काढली. त्या रात्री हॉस्पिटलमध्ये मला अबीची आठवण झाली होती. लिहावं असं वाटलं. मग वाटलं, तिकडे केवढे मोठे डॉक्टर आहेत, त्यांना कळत असेल. खरं म्हणजे, सत्तावीस वर्षांपूर्वीच्या पत्रात मी काय केलं ते मला लिहावं लागलं असतं.

अबी पंचेचाळीसाव्या वर्षी गेली. पोट फुगलं होतं, बरेच दिवस गॅसवरचं औषध घेत होती, असं तिच्या नवऱ्याने कळवलं.

मागच्या वर्षी तिच्या मुलीचा फोन आला. तिने मला कधी पाहिलेलं नाही. तिचं मराठी मोडकं, पण आजोबांकडून उचललेलं, त्यामुळे त्यात आमच्या पनवेलचा हेल आहे. तिची तपासणी झाली होती, अबीचा दोष तिच्या रक्तातही निघाला होता, आणि अंडाशयं काढायच्या ऑपरेशनआधी डॉक्टरांना घराण्याची माहिती हवी होती. “मावशी, माझ्या आईच्या आधी पण कोणी होतं?” तिने विचारलं.

मी खुर्चीवर बसले आणि सांगितलं. पणजी, राहेलमावशी, माझी आई. ती लिहून घेत होती, मध्ये मध्ये थांबवून वय विचारत होती. मग ते पत्रही सांगितलं.

“का नाही लिहिलं?” ती म्हणाली. रागाने नाही.

“लाज वाटली,” मी म्हणाले. “तेरा वर्षांची होते तेव्हा लाज वाटली. नंतर त्या लाजेची लाज वाटली.”

तिला वाक्य कळलं की नाही कोण जाणे. कागद उलटल्याचा आवाज आला. “म्हणजे पणजी, राहेल, तुमची आई, माझी आई,” तिने हळूहळू वाचून दाखवलं. “आणि तुम्ही, मावशी? तुमचं काय लिहू?”

“मी आहे,” मी म्हणाले. “तसंच लिही. आणि तुझ्या ऑपरेशनची तारीख ठरली की मला फोन कर.”